चढणीचे मासे, उतरणीचं पाणी

हवाई बेटांवर बोटभर लांबीचा एक गोबी मासा आहे. आपल्या खाडीतल्या निवटीचा लांबचा भाऊबंद. ओढ्यात जन्मतो, प्रवाहाबरोबर समुद्रात जातो आणि काही महिन्यांनी पुन्हा गोड्या पाण्याकडे निघतो. वाटेत अकाका धबधबा, १३० मीटरहून उंच. पोटाखालचे पर जुळून झालेली चकती ओल्या कातळाला चिकटवत पठ्ठ्या तोही चढतो! त्याच्यापुढे आपल्या शहापूरच्या भातसा धरणाची भिंत ठेंगणीच. पण चढायला भिंतीवर ओघळ तर हवा? पाणी खालून सुटतं, नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून पंपाने मुंबईला. शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर.

आमच्या शहापूर-मुरबाडच्या माशांना चकतीबिकती नाही. मृगाची पहिली झड लागली, ओहोळ फुगले, की शिवडा, मळ्या, मुऱ्या, शिंगटी पोटात गाबोळी घेऊन भातखाचरांकडे धाव घेतात. वलगण ती हीच. बांधाच्या तोंडाशी आपण पाग, आसू आणि मोबाइलचा उजेड घेऊन हजर. कातकरी बाई नेते ते एका कालवणापुरते; कल्याण-डोंबिवलीच्या गाड्या गोणी भरून नेतात आणि वर ‘गाबोळीवाले, एकदम ताजे’ असा फोटो टाकतात. एका गोणीत पुढच्या वर्षीची किती वलगण गेली, हे फोटोत दिसत नाही. समुद्रातल्या माशांना विणीसाठी १ जून ते ३१ जुलै सरकारी रजा. ओहोळातल्यांचं बाळंतपण थेट तव्यावर.

२०२३ साली पापलेट राज्यमासा झाला. होणारच. मानाच्या पंगतीला काट्याचा मळ्या कोण वाढतो?

मुरबाडची काळू नदी तेवढी अजून पुरती अडलेली नाही, पण त्यात माशांच्या कळवळ्याचा भाग शून्य. जंगलजमिनीची परवानगी हातात नसताना धरणाचं काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटनेसोबत गावं भांडली, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. तेव्हापासून काळूत वलगण दरवर्षी येते नि आटोपते. धरणाच्या फाइलीचं तसं नाही. ती बारमाही वरच चढत असते आणि कुणाच्याच पागात अडकत नाही.