गंडस्थळाचे वीस रुपये

डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडणाऱ्याला करमणुकीची साधनं दोनच होती. शेजाऱ्याचा मोबाइल आणि पारसिकचा बोगदा. पहिल्यात मान अवघडते, म्हणून मी बोगदा धरला. १९१६ सालचा, लांबी १.३ किलोमीटर. गाडी आत शिरली की श्वास रोखायचा आणि उजेड दिसला की सोडायचा, एवढाच खेळ. वर्षानुवर्षं खेळलो, एकदाही जिंकलो नाही. एकदा मात्र इरेला पेटलो. निम्म्यावर डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी "यांना विंडो द्या, विंडो द्या!" असा गलका केला आणि मला थेट दादरपर्यंत खिडकी मिळाली. डोंबिवलीकराच्या आयुष्यात याहून मोठा चमत्कार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळे पांढरे करून पाहिले, पण डबा वेगळा होता.

फेब्रुवारी २०२२मध्ये नव्या मार्गिका सुरू झाल्या, फास्ट गाड्या मुंब्रा-कळव्याच्या बाजूने जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. सोय झाली म्हणतात. झाली असेल.

माझा उतरलेला चेहरा पाहून बायकोने नवा खेळ काढला. ती रोज सकाळी चहाबरोबर पेपरातलं शब्दकोडं सोडवते. त्यातला एक शब्द ती मला देणार आणि रात्रीच्या जेवणाआधी मी तो बाहेरच्या माणसाशी बोलताना वापरायचा. अट एकच, ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडता कामा नये. पडली तर रात्रीची भांडी माझी.

पहिला शब्द 'यथावकाश'. मला वाटलं, हा तर हातचा मळ. सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून गच्चीच्या गळतीचा विषय काढला आणि तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "करू की यथावकाश." माझा शब्द त्यांनी वापरलेला चालेल का, असं घरी विचारलं. नाही चाललं.

'मीमांसा' घेऊन भाजीवाल्या मावशींकडे गेलो. वांगी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं केलं, "मावशी, आज भावाची काय मीमांसा?"

"भावाची बायको सुमन," मावशी म्हणाल्या. "मीमांसा कोण?"

'किंकर्तव्यमूढ'च्या दिवशी रिक्षात होतो. चौकात रिक्षावाल्याने वळून विचारलं, "लेफ्ट का राइट?" अशी संधी जन्मात एकदाच येते. मी सुस्कारा टाकून म्हणालो, "किंकर्तव्यमूढ!" त्याने क्षणभर विचार केला. "ते फडके रोडला येतं का?" आठी नव्हती, त्यामुळे मी जिंकल्याचा दावा केला. बायकोच्या मते माणसाला पत्ता शोधायला लावणं ही आठीच. भांडी घासली.

फक्त रविवारी या खेळाला सुट्टी असते, कारण त्या दिवशी आत्याचा फोन येतो आणि त्यात मला शब्दाची गरजच पडत नाही. तिथे मी निव्वळ 'हं'वर भागवतो. ऐकतोय असं सांगणारा आखूड हं, 'काय सांगतेस' या अर्थाचा लांब हंऽऽ, जावेचा उल्लेख आला की लागणारा पडेल हं आणि तिचंच बरोबर आहे असा निकाल देणारा, शेवटी जरा दाबलेला हं. परवा एवढ्या भांडवलावर बावीस मिनिटं काढली. फोन ठेवताना आत्या म्हणाली, "तुझ्याशी बोललं की कसं मोकळं वाटतं बघ." त्यावर कुठला हं द्यावा हे मात्र सुचलं नाही.

आणि मग 'गंडस्थळ' आला. आडवा शब्द, चार अक्षरं, सूचना 'हत्तीचं कपाळ'. बायकोने पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की डोळ्यांसमोर खरकटी कढई तरळली. दिवसभर हत्तीचा विषय काढायला जागा सापडेना. ऑफिसात साहेबांना पाहून एकदा अगदी ओठांवर आला होता, पण नोकरी आठवली. शेवटी संध्याकाळी केस कापायला गेलो, खुर्चीत बसलो आणि जमेल तितक्या निर्विकार चेहऱ्याने म्हणालो, "गंडस्थळाजवळ जरा बारीक करा."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. कपाळ स्वच्छ. "मशीन लावू की कात्री?"

त्या रात्री मी भांड्यांचा आवाज ऐकत आडवा पडलो होतो. बोगद्याबाहेरच्या उजेडासारखं वाटत होतं.

महिन्याने पुन्हा गेलो तर आधीचा नंबर एका कॉलेजातल्या मुलाचा होता. त्याच्या कानशिलाला कंगवा टेकवून आमचा कारागीर विचारत होता, "गंडस्थळ करायचं का? वीस रुपये वेगळे."

"सगळे करतात?"

"हल्ली तेच चालतं."

मुलाने आरशात डोकं दोन्ही बाजूंनी वळवून पाहिलं. "करा."

मग माझा नंबर आला. मानेभोवती कपडा गुंडाळत तो म्हणाला, "काका, तुमचं नेहमीसारखं गंडस्थळासकट ना?"

वीस रुपये मी मुकाट्याने दिले.