सवलत आहे, आपण घरी नाही

वीजबिलाखाली दबलेल्या माणसाकडे सरकारचं लक्ष नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दरपत्रक नीट वाचावं. सवलती आहेत, आणि पुष्कळ आहेत. फक्त त्या ज्या वेळी, ज्या छपरावर आणि ज्या नावावर ठेवल्या आहेत, तिथे ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा माणूस नेमका नसतो. हा काही सरकारचा दोष म्हणता येणार नाही. पत्ता त्याचा चुकलेला आहे.

आता दुपारचंच घ्या. १ जुलै २०२५ पासूनच्या दरांत, वेळेनुसार वापर मोजणारं स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सूट ठेवली गेली आणि ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाईल असंही सांगितलं गेलं. ज्याने ही वेळ ठरवली त्याने डोंबिवलीचा बारकाईने अभ्यास केलेला असणार. सकाळी ९ वाजता डोंबिवलीकर मुलुंड-घाटकोपरच्या दरम्यान कुणाच्या तरी बॅगेखाली असतो. संध्याकाळी ५ वाजता तो साहेबाच्या केबिनकडे बघत असतो. आठच्या पुढे कधीतरी घरी पोहोचतो, दिवा लावतो, पंखा लावतो, आणि तिथून पुढे त्याची वीज पूर्ण भावाने सुरू होते. दुपारी ऊन असतं, उन्हात सौरवीज मुबलक असते, म्हणून दुपारची वीज स्वस्त, हे तर्कशास्त्र चोखच आहे. सूर्याला मध्य रेल्वेचं वेळापत्रक कुणी दाखवलेलं नाही, एवढाच प्रश्न.

तर मग या सवलतीचा लाभार्थी कोण? आम्ही हिशोब मांडला. दिवसभर न चुकता घरी राहणारा कुटुंबातला एकमेव सदस्य म्हणजे फ्रिज. तो दिवसाला साधारण एक युनिट खातो. पैकी ९ ते ५ मधलं एक तृतीयांश. त्यावर ८० पैशांनी दिवसाला २७ पैसे, महिन्याला आठ रुपये. फ्रिजने हे पैसे जपून वापरावेत.

आजी घरी असतात, हे खरं. पण आजींना सांगून पाहा की दुपारी वीज स्वस्त आहे, पंखा खुशाल चालू ठेवा. त्या म्हणतात, "स्वस्त आहे ना? मग बंद ठेवला तर अजून स्वस्त पडेल." अर्थशास्त्राची ही शाखा कोणत्याही आयोगाला अजून विचारात घेता आलेली नाही. वॉशिंग मशीन दुपारी लावावं असा सल्लाही मिळतो. मशीनला वीज ९ नंतर स्वस्त मिळते आणि नळाला पाणी पहाटे येतं, ही दोन खाती वेगळी असल्यामुळे त्यांची ओळख करून देणं आपल्या हातात नाही. शिवाय देखभाल-दुरुस्तीसाठीचा वीजपुरवठा बंदही बहुतेक दिवसाउजेडीच असतो. त्या काळात मात्र सूट शंभर टक्के.

बरं, नोकरदाराला सवलत कशाला, खऱ्या गरिबाला द्या, असं कुणी म्हणेल. दिलेली आहे. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती ग्राहकासाठी स्वतंत्र, अगदी स्वस्त वर्ग आहे. अट एवढीच की वर्षाला ३६० युनिटच्या वर जायचं नाही. म्हणजे महिन्याला ३०, म्हणजे दिवसाला एक. छताचा साधा पंखा ७५ वॉटचा धरला तर एका युनिटात तो १३ तास २० मिनिटं फिरतो. बाकी काही म्हणजे काही लावायचं नाही, दिवासुद्धा नाही. राहिले १० तास ४० मिनिटं. या वेळेत गरिबाने मे महिन्यातल्या कल्याणात पुठ्ठ्याने वारा घ्यावा आणि अंधारात आपली पात्रता जपावी.

पण या नियमातली खरी प्रतिभा पुढे आहे. एका आर्थिक वर्षात ३६० चा आकडा ओलांडला की ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो, आणि एकदा गेला की त्याला दारिद्र्यरेषेच्या वर्गात परतता येत नाही. गावाहून मेहुणा आला, रात्रभर पंखा चालला, ३६१ झाले, की तुम्ही कायमचे सुखवस्तू. माणूस एकदा गरिबीतून बाहेर पडला की पुन्हा गरीब होऊ शकत नाही, हा सिद्धांत जगभरच्या अर्थतज्ज्ञांना अजून सापडलेला नाही. आपल्याकडे तो छापून आला आहे.

गरिबी सिद्ध करणं हा वेगळाच उद्योग आहे, कारण ती एका मापाची नसते. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबात बसायला शहरात ५९ हजारांपर्यंत. केशरीसाठी १ लाखापर्यंत. लाडक्या बहिणीच्या घरात अडीच लाखांपर्यंत. आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक म्हणून आरक्षण हवं असेल तर ८ लाखांच्या आत. वर्षाला ७ लाख ९० हजार मिळवणारा दुर्बल, आणि १६ हजार मिळवणारा पिवळ्या कार्डापुरता सबळ. एकच गृहस्थ कल्याणच्या तहसील कार्यालयात एका टेबलावर गरीब, दुसऱ्यावर बरा आणि तिसऱ्यावर श्रीमंत असू शकतो. डोंबिवलीकराला दाखल्यासाठी कल्याणलाच जावं लागतं, त्यामुळे जाता-येता लोकलमध्ये आपण सध्या कोणत्या मापात आहोत याचा विचार करायला वेळ मिळतो. त्यासाठी रजा टाकावी लागते. रजेच्या दिवशी मात्र तो ९ ते ५ मोकळा असतो आणि स्वस्त वीज वापरू शकला असता, पण रांगेत असतो.

विजेचं राहू द्या, गॅसचं पाहू. २०२४ च्या जूनमध्ये अजित पवारांनी अर्थसंकल्पात मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर केली. वर्षाला तीन सिलिंडर मोफत. तेव्हाचे मुख्यमंत्री आपल्याच ठाण्याचे, त्यामुळे ठाणे जिल्ह्यात आनंद जरा जास्तच झाला. मोफत याचा सरकारी विधी असा की आधी सिलिंडरचे पूर्ण पैसे भरायचे, मग ते खात्यात परत यायची वाट बघायची. उज्ज्वलावाल्यांना केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३०, लाडक्या बहिणींना राज्याकडून ८३०. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्याला ते नंतर मिळतात. हे तत्त्व बँकांनाही फार पूर्वीपासून पटलेलं आहे.

अट दुसरी: गॅसजोडणी बाईच्या नावावर हवी. इथे डोंबिवलीची अर्धी घरं गळतात. कारण जोडणी सासऱ्यांच्या नावावर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर कुठे गॅस येत असे, त्या काळातली ती जोडणी. सासरे जाऊन दशक लोटलं, फोटोला हार आहे, पण सिलिंडर अजून त्यांच्याच नावाने येतो आणि दारावर माणूस त्यांचंच नाव घेऊन हाक मारतो. नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र. पुण्याचा दीर म्हणतो, "सही करतो, पण मग आईची बांगडी कुठे आहे ते आधी सांगा." तीन सिलिंडरांसाठी काढलेला विषय कुठून कुठे जातो, हे संयुक्त कुटुंबात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

मग चतुर लोकांनी शिधापत्रिका वेगळ्या करायचं मनात आणलं, एका घराच्या दोन चुली दाखवायच्या. शासन त्यांच्याही पुढे. १ जुलै २०२४ नंतर विभक्त केलेली शिधापत्रिका चालणार नाही, अशी तरतूद आधीच केलेली. ज्यांना खरंच भांडून वेगळं व्हायचं होतं त्यांनी ते मुदतीत उरकायला हवं होतं. आणि ठाण्यातल्या ज्या सोसायट्यांत नळाने गॅस येतो, त्यांनी हे सगळं वाचलंच नाही तरी चालेल. योजना १४.२ किलोच्या सिलिंडरसाठी आहे, नळाचं वजन करता येत नाही.

एकदा, इतिहासात एकदाच, डोंबिवलीकर ९ ते ५ घरी सापडला होता. साल २०२०. मार्चअखेर टाळेबंदी लागली, लोकल थांबली, आणि माणसाला प्रथमच आपल्या बेडरूमची भिंत दुपारच्या उजेडात दिसली. तेव्हा दुपारची सवलत नव्हती. मीटरचं रीडिंग घ्यायलाही कुणी येऊ शकत नव्हतं. म्हणून एप्रिल-मेची बिलं हिवाळ्याच्या सरासरीने आली, ज्या हिवाळ्यात दिवसभर घराला कुलूप होतं. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि तीन महिन्यांचा उकाडा एकदम हातात पडला. त्यात १ एप्रिलपासून दरही बदललेले. लोक ओरडले तेव्हा महावितरणने हप्ते दिले, आणि सगळी रक्कम एकदम भरणाऱ्याला २ टक्के सूट. ज्याला एकदम भरणं जमत नाही म्हणून तो रडत होता, त्याच्या अश्रूंवर २ टक्के.

पुढचा प्रवास पाहण्यासारखा होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत १०० युनिटपर्यंत मोफत विजेचा विचार बोलून दाखवत होते. ते राहिलं. मग वाढीव बिलांत दिलासा मिळेल, दिवाळीच्या सुमारास मिळेल, अशी आशा लागली. लक्ष्मीपूजन झालं, १६ नोव्हेंबरला भाऊबीज झाली, आणि १७ तारखेला मंत्र्यांनी सांगितलं की वीज वापरली आहे, बिल भरावं लागेल. ओवाळणी घेऊन झाल्यावर सांगितलं, ही त्यातल्या त्यात सभ्यता. महावितरणही वीज विकत घेते, म्हणजे तीही एक ग्राहकच, असंही स्पष्टीकरण आलं. तेव्हापासून आमच्या मनात कंपनीबद्दल बंधुभाव आहे. तिलाही कुणीतरी उत्पन्नाचा दाखला मागत असेल. २६ नोव्हेंबरला मनसेने राज्यभर मोर्चे काढले, घोषणा झाल्या, बिलं तशीच राहिली.

पण कळस झाला तो २०२१ च्या मार्चमध्ये. अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं, विरोधकांनी गोंधळ घातला, आणि २ मार्चला अजित पवारांनी सभागृहात सांगितलं की थकबाकीदारांची वीज तोडण्याला स्थगिती. टाळ्या. १० मार्चला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, स्थगिती उठली. महाराष्ट्रातल्या वीजग्राहकाला मिळालेला हा सर्वात जलद दिलासा. अर्ज नाही, दाखला नाही, आला आणि गेला. थकबाकीदारांनी यातून एवढंच शिकावं की अधिवेशन जितकं लांबेल तितका आपला पंखा फिरेल. नागपूरचं अधिवेशन वाढवण्याची मागणी अधूनमधून होते, तिला आमचा पाठिंबा आहे.

आता उरलं छप्पर. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना आली. महिन्याला ३०० युनिटपर्यंत मोफत, ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान. योजना खरोखर उत्तम आहे, हे उपहासाने म्हणत नाही. फक्त तिला घरावर घराचंच छप्पर लागतं. डोंबिवलीतल्या चौथ्या मजल्यावरच्या घराचं छप्पर म्हणजे पाचव्या मजल्याची लादी. घोडबंदर रोडवर तीस मजली टॉवरमध्ये शेकडो घरांच्या डोक्यावर एकच गच्ची, तिची वाटणी केली तर प्रत्येकाला वाट्याला येईल त्यात पॅनेल नाही, फार तर पापड वाळेल. कल्याणात पारनाक्याकडे जुने वाडे आहेत, त्यांना छप्पर आहे, पण प्रॉपर्टी कार्डावर नावं इतकी की सूर्य कोणाच्या हिश्श्यात उगवतो यावर दावा लागावा.

सोसायट्यांसाठीही अनुदान आहे, किलोवॉटमागे १८ हजार, लिफ्ट-पंपासारख्या सामाईक वापराला. त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी. सभेत कळतं की गच्चीवर गळतीमुळे पत्र्याची शेड आहे, शेडच्या बाजूला मोबाईल टॉवर आहे, आणि गच्ची अजून बिल्डरच्याच नावावर आहे कारण मानीव अभिहस्तांतरणाची फाईल मागच्या सेक्रेटरीकडे होती आणि तो बदलापूरला राहायला गेला. वरच्या मजल्यावरचे काका उठून म्हणतात, पॅनेल लावलीत तर गळती वाढेल. तळमजल्यावरचे म्हणतात, लिफ्टचं बिल कमी झालं तर आमचा काय फायदा, आम्ही चढतो कुठे? विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब. चहा झाला.

२०२५ मध्ये राज्याने गरिबांसाठीही छपरावरच्या सौरऊर्जेची योजना आणली, स्मार्ट नावाची. एक किलोवॉटचा संच, बहुतेक भार केंद्र आणि राज्य उचलणार, दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाने फक्त अडीच हजार भरायचे. असा संच महिन्याला सुमारे १२० युनिट तयार करतो. ज्याने महिन्याला ३० च्या वर जाऊ नये असं दरपत्रक बजावतं, त्याच्या डोक्यावर १२० ची सोय. अर्थात डोकं झाकणारं छप्पर त्याच्या मालकीचं हवं. दिवा स्टेशनजवळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याने ते कुठून आणावं, हे योजनेच्या कक्षेबाहेरचं आहे.

निराश होऊ नये. एक सवलत अशी आहे की जिला घरी थांबावं लागत नाही, सासऱ्यांची सही लागत नाही, गच्ची लागत नाही. महावितरणची गो-ग्रीन. छापील बिल नाकारा, ई-मेलवर घ्या, दरमहा १० रुपये सूट. नव्याने नोंदणी करणाऱ्याला तर वर्षाचे १२० रुपये पहिल्याच बिलात एकदम देऊ केले. आम्ही पाहिलेली ही एकमेव योजना जिच्यात पैसे आधी मिळतात. शहाण्या डोंबिवलीकराने ती ताबडतोब घेतली आहे. मग तो उत्पन्नाच्या दाखल्याला, शिधापत्रिकेच्या दुरुस्तीला, गॅसच्या नावबदलाला जातो. प्रत्येक ठिकाणी राहण्याचा पुरावा म्हणून वीजबिल मागतात. तो स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो, मोबाईलवरचं बिल पाठवतो, १० रुपये देऊन प्रिंट काढतो, खाली स्वतःची सही ठोकतो आणि खिडकीपुढे उभा राहतो. खिडकीतला माणूस कागद उजेडाकडे धरून उलटसुलट करतो.

"ही प्रिंट आहे. ओरिजिनल आणा."