कुलुपातली गाववाली

इटलीला निघालो तेव्हा मुखेडच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात माझी रीतसर चौकशी झाली. "कुठं चाल्लाव गुरुजी?" मी सांगितलं, पाँपे म्हणून जुनं शहर आहे, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, आता नुसत्या भिंती उरल्यात. शेजारच्या म्हातारबांनी बशीतला चहा संपवला अन् म्हणाले, "पडके वाडेच बघायचेत तर आमच्या घरी या की. तिकीट बी न्हाई. एक भिंत पडायची राहिलीय, ती तुमच्यासमोर पडंल."

युक्तिवाद बिनतोड होता. पण पोरगा जर्मनीत नोकरीला, माझी अन् बायकोची तिकिटं त्यानं काढून ठेवलेली. निघालो. सामानात दोन जोडी कपडे कमी अन् कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी जास्त.

पाँपे इ.स. ७९ मध्ये बुडालं अन् १७४८ पासून ते उकरणं चालू आहे. आत शिरल्यावर पहिलं लक्ष गेलं रस्त्याकडं. दगडी फरशीत गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या. 'चाकोरीबाहेर विचार करा' असं मी छत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो. आमच्याकडची चाकोरी पहिल्या पावसात बुजते, तिच्याबाहेर पडायला फार कष्ट लागत नाहीत. या दगडातल्या चाकोरीत पाय घालून पाहिला, तो घोट्यापर्यंत आत गेला. पुढं खानावळी, ओट्यात रांजण पुरलेले. भिंतींवर निवडणुकीचा प्रचार रंगवलेला. पोरानं मोबाईलवर वाचून सांगितलं की वाटिया नावाच्या एका उमेदवाराला रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा जाहीर पाठिंबा होता, अन् दुसऱ्या भिंतीवर भुरट्या चोरांचा. बहुधा विरोधकांनीच रातोरात रंगवलं असणार. मला एकदम गावी आल्यासारखं वाटलं.

करपून कोळसा झालेली पावाची लादीही पाहिली, आठ फोडींच्या खुणा अजून शाबूत. हिनं पिशवीतली कडक भाकरी चाचपली अन् काही बोलली नाही. मग प्लास्टरमध्ये उठवलेली माणसं आली. गुडघे पोटाशी घेतलेलं एक माणूस. हिनं एवढंच म्हटलं, "किल्लारी." ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट आम्ही दोघांनी अंगणात उभं राहून काढली होती. तिथून आम्ही लवकर निघालो.

दुपारी व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या एका खेड्यात जेवायला थांबलो. माळवद नव्हतं, पण म्हातारे सावलीला ओळीनं बसलेले, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघायची तऱ्हा आमच्या पारावरचीच. एका घराच्या आढ्याला टोमॅटोचे घोस टांगलेले, आपण लसणाच्या जुड्या टांगतो तसे. घरच्या आजीबाईशी ही अर्धा तास बोलली. ही मराठीत, ती इटालियनमध्ये. निघताना मला कळलं की आजीबाईंना चार लेकरं, धाकट्याचं लग्न राहिलंय अन् सुनेशी पटत नाही. मी विचारलं, "तुला कसं कळलं?" "त्यात काय कळायचंय?"

खरी गाववाली भेटली दुसऱ्या दिवशी, नेपल्सच्या संग्रहालयात. तिथं एक 'गुप्त दालन' आहे. पाँपेतल्या चावट मूर्ती अन् चित्रं तिथं ठेवलेली. पुढं राजा झालेला फ्रान्सिस १८१९ साली बायको-मुलीला घेऊन आला, ते सगळं बघून ओशाळला अन् त्यानं ते कुलुपात घालायला लावलं. मधे तर दारच विटांनी चिणलं होतं. सगळ्यांसाठी नीट उघडलं ते २००० साली. मी म्हटलं, आपण बाहेरूनच नमस्कार करू. ही आधीच आत.

आत काचेमागं वीतभर उंचीची हस्तिदंती बाई. १९३८ साली पाँपेतल्या एका घरात सापडलेली. दोन्ही बाजूंना दोन दासी, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत गुडघ्यापर्यंत वाळे. "अहो, ही तर आपल्या तांड्यावरची!" हिच्या आवाजानं रखवालदार वळला. ही तिला न्याहाळत राहिली. "एवढे दागिने घातले अन् लुगडं नेसायचं विसरली बघा."

ओळख अगदीच चुकीची नव्हती. याच घडणीच्या हस्तिदंती बाहुल्या तेरला अन् जालन्याकडच्या भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. तिथला माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जाई, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. ही बाहुली त्यातच कुठंतरी गेली असावी. आधी तिला लक्ष्मी म्हणाले. मग डोक्यात वरून पाडलेलं भोक दिसलं, तेव्हा कुणी म्हणालं आरशाची मूठ, कुणी म्हणालं टेबलाचा पाय. परमुलखात माणसाची किंमत अशीच वर-खाली होते.

मला मात्र त्या खोलीत आमचं दशरथेश्वराचं देऊळ आठवलं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर अशाच बायका उभ्या आहेत, सुरसुंदरी, अन् पेहरावाचा हिशेब साधारण हाच. सकाळी आज्या हातात तांब्या घेऊन त्यांच्यासमोरून प्रदक्षिणा घालतात, पोरं आडोशाला लपाछपी खेळतात. मी तर कॉलेजात असताना एकीला सायकल टेकवायचो. कुलूप ठोकावं असं कुणाला सुचलंच नाही.

परत आल्यावर सोमवारी दोघं देवळात गेलो. दर्शन झाल्यावर ही मागं राहिली. पाहतो तर जोत्यावर चढून, चवड्यांवर उभी राहून एका सुरसुंदरीच्या डोक्यावर हात फिरवतेय. प्रदक्षिणा घालणाऱ्या दोघी थांबून बघायला लागल्या.

"काय करायलीस?"

"भोकबिक काही नाही हो," ही हात झटकत खाली उतरली. "ही टेबलाचा पाय नाही."