वजन कमी करण्याची बेरीज

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या रहाटणीत वजन कमी करायला सुरुवात करणं हा बारमाही कार्यक्रम आहे. सोमवारी सुरुवात होते, एक तारखेला होते, पाडव्याला होते. 1 जानेवारीला तर इतकी होते की कोकणे चौकापासून पिंपळे सौदागरच्या बागांपर्यंत पहाटे नव्याकोऱ्या बुटांची गर्दी उसळते. पुढच्या पायऱ्या फारशा कुणी पाहिलेल्या नाहीत, पण सुरुवात करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

या सुरुवातीचा एक नियम आहे. काही कमी करायचं तर आधी काहीतरी आणावं लागतं. बूट आणावे लागतात, पावलं मोजणारं घड्याळ आणावं लागतं, जिमची वर्षभराची फी भरावी लागते (महिन्याची महाग पडते, हा हिशेब चोख असतो). मग स्वयंपाकघराची पाळी येते. ओट्स, चिया, सफरचंदाचं व्हिनेगर, नाचणीची बिस्किटं, एअर फ्रायर. जुनं मात्र काहीच हलत नाही. फरसाणाचा डबा जागच्या जागी असतो, त्याच्या पुढ्यात चियाची बरणी येते एवढंच. बागेबाहेर कारल्याचा रस घ्यायचा, तो कडू म्हणून पुढच्या टपरीवर चहा, नुसता चहा कसा प्यायचा म्हणून वडापाव. अर्धा तास झपाझप चालून शंभर-दीडशे कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात तीनशेच्या आसपास मिळतात. म्हणजे पांघरूण ओढून झोपून राहिलेला शेजारी रोज दीडशेने फायद्यात. घड्याळ हे सांगत नाही. ते पावलं पूर्ण झाली की मनगटावर फटाके उडवतं.

बेरजेची ही प्रतिभा सगळ्यात फुलली ती 2018 च्या सुमारास, आहारावरून महाराष्ट्रात दोन तट पडले तेव्हा. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत ते सांगत होते की कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. त्यांचं सांगणं, थोडंथोडं पण दर दोन तासांनी खा, घरचं आणि हंगामातलं खा, तुपाला घाबरू नका. दीक्षितांच्या सांगण्यात 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही होतं, पण ते कुठेतरी काळेवाडी फाट्यावर अडकलं असावं. रहाटणीत पोचलं ते एवढंच: '55 मिनिटं खाता येतं' आणि 'तूप चालतं'.

55 मिनिटांत माणूस काय काय करू शकतो हे पाहायचं असेल, तर लग्नसराईत इथल्या कुठल्याही मंगल कार्यालयात जावं. मोबाईलवर वेळ लावून पानावर बसलेली मंडळी जिलबीच्या तिसऱ्या फेरीला 'वाढा, अजून अकरा मिनिटं आहेत' म्हणताना मी ऐकली आहेत. घरोघरी नवरा दीक्षितांचा, बायको दिवेकरांची, आणि सासूबाई दोघांनाही न मानणाऱ्या. पुढे काही महिन्यांत तडजोड झाली. दोन वेळा पोटभर दीक्षित, मधल्या वेळेत दर दोन तासांनी दिवेकर. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या समाजाला यात अवघड काय होतं?

आता जरा चाकणकडे, जिथल्या कारखान्यांत इथली बरीच मंडळी पाळीने कामाला जातात. आहाराच्या बहुतेक तक्त्यांत नाश्ता सकाळी आठला आणि जेवण रात्री आठच्या आत असतं. हे तक्ते करणाऱ्यांनी कंपनीची बस कधी पकडलेली नसावी. पहिल्या पाळीचा माणूस अंधारात घर सोडतो आणि नाशिक फाटा, भोसरी, मोशी अशी झोप काढत जातो. परतताना चाकणच्या तळेगाव चौकात बस जितका वेळ उभी असते, तितक्यात दीक्षितांचं एक जेवण सहज उरकेल. तिसऱ्या पाळीवाल्याचे सकाळचे आठ म्हणजे रात्रीचं जेवण. त्याने सूर्यास्ताआधी जेवायचं तर कुठल्या सूर्याच्या? त्यातून आठवड्याने पाळी बदलते, तक्ता बदलत नाही. रात्रपाळीने मधुमेहाचा धोका वाढतो हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. मध्यरात्री दोन वाजता डोळा लागू नये म्हणून चहा आणि सामोसा घेणाऱ्याला ते न वाचताही कळतं.

कंपन्या यावर उपाय करत नाहीत असं नाही. वर्षातून एकदा तपासणी होते, अहवालावर 'व्यायाम करा' असा शेरा येतो, कँटीनच्या भिंतीवर 'कमी तेल, कमी मीठ' असं पोस्टर लागतं आणि त्याच्या खालीच लोणच्या-पापडाचं टेबल असतं. झुंबाचा वर्गही ठेवतात. पाळी सुटल्यावर, बस सुटते नेमकी त्याच वेळेला.

बरं, जाड्यांची थट्टा करणाऱ्या सडपातळांनी फार हसू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरमित्राचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या चमूने नवजात बाळं तपासली. ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी 2.7 किलोची होती, पण चरबी राखण्यात त्यांच्याहून हुशार. रहाटणीने या संशोधनाचा लगेच उपयोग केला. बारीक माणूस म्हणतो, माझं वजन बरोबर आहे. जाडा म्हणतो, हे जन्माच्या आधीपासूनचं आहे, मी काय करणार? आणि दोघे मिळून मिसळ मागवतात.

भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. त्यासाठी लागणारी टेप प्रत्येक घरात शिवणाच्या डब्यात पडलेली असते. ती विकत आणावी लागत नाही, म्हणून तिच्यावर कुणाचा विश्वास नाही.

खरी अडचण तीच आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ, असं म्हणणारा डॉक्टर फ्लेक्सवर शोभत नाही. तिथे '21 दिवसांत 10 किलो'च लागतं. जागतिक आरोग्य संघटना वरची साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आसपास ठेवायला सुचवते. दोन-दोन चमच्यांचे पाच चहा म्हणजे दहा चमचे झाले. प्रत्येक कपात एकच घातला, तर वर्षभर टिकेल अशी सुरुवात त्याच दुपारी होते, पण तिचं उद्घाटन कोण करणार? न खाल्लेल्या वड्याचा फोटो काढता येत नाही, स्टेटसला ठेवता येत नाही, आणि न विकलेल्या वड्यावर कुणाचं कमिशन निघत नाही. त्यापेक्षा मार्च 2025 मध्ये भारतात आलेलं, वजन उतरवणारं मौंजारोचं इंजेक्शन आम्हाला पटतं. भूक मारण्यासाठीसुद्धा काहीतरी आत घालायचं, याला म्हणतात परंपरा. ते घेतल्यावर काय काय खाल्लेलं चालतं, याची चौकशी जमिनी विकून पैसेवाले झालेल्या आमच्या गुंठामंत्र्यांनी सुरू केली आहे.

दरम्यान एका सोसायटीत ठराव आलाच: यापुढे कार्यक्रमांत तळलेलं बंद. दीड तास चर्चा झाली, दोनदा चहा झाला. साबुदाणा वडा तळलेल्यात धरायचा की उपासात, यावर एकमत होईना म्हणून उपसमिती नेमली. तिची पहिली बैठक रविवारी सकाळी नऊला क्लबहाऊसमध्ये आहे. मिसळ ठेवली आहे. तर्री वेगळी मिळेल, पथ्य असणाऱ्यांनी ती बेताने घ्यावी.