आवर्तकार्यमीमांसा

ज्या कार्याची समाप्ती हीच त्याच्या पुढील उत्पत्तीची सामग्री असते, त्यास आवर्तकार्य म्हणावे. ही व्याख्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन-अ‍ॅपमध्ये नोंदलेल्या कार्यांस अनुलक्षून केली आहे. ती अतिव्याप्तीपासून मुक्त आहे, कारण जिन्यातील गेलेला बल्ब बदलणे तिच्या कक्षेबाहेर राहते. ती अव्याप्तीपासूनही मुक्त आहे, कारण वरच्या टाकीचे प्रक्षालन, लिफ्टचे वंगण, जनरेटरची चाचणी आणि पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या जाळीतून पिंपळाची रोपे उपटणे ही चारही कार्ये तिच्यात सुखाने सामावतात. राहिला असंभव हा तिसरा लक्षणदोष. त्याची शंका केवळ पंपरूमची किल्ली कोणाकडे आहे हे न कळल्यासच उद्भवते.

मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन भेद केले. प्रस्तुत शास्त्रासही तेच पुरेसे आहेत. नित्यकर्म केल्याने स्वतंत्र फळ नाही, न केल्याने मात्र प्रत्यवाय घडतो. टाकी धुतल्याबद्दल वार्षिक सर्वसाधारण सभेने अभिनंदनाचा ठराव केल्याचे इतिवृत्तांत आढळत नाही. टाकी न धुतल्याचे वृत्त मात्र पिवळट पाण्याच्या बादलीच्या छायाचित्रासह सकाळी सातच्या आत ग्रुपवर प्रसृत होते. लिफ्ट तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मध्यंतरी स्थिरावली असता करावयाचे ते नैमित्तिक. गणपतीपूर्वी लॉबीस रंग देणे हे काम्य. संस्थेची निवडणूक त्याच वर्षी असल्यास कामना द्विगुणित मानावी.

नित्यकर्मांपैकी काहींस श्रुतीचा, म्हणजे कायद्याचा, आधार आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र, अर्थात फॉर्म बी, दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. त्यामुळे ही दोन कर्मे अनुक्रमे उत्तरायणी व दक्षिणायनी म्हणता येतील. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी, त्याहून वृद्ध इमारतीचे दर ३ वर्षांनी. व्यवस्थापन समितीची मुदतही ५ वर्षांचीच असल्याने एका विलक्षण संप्रदायाचा उदय झाला आहे: कार्य एक समिती निर्माण करते, त्याची सूचना पुढील समितीच्या काळात येते, आणि ती ज्या माजी सचिवांच्या मोबाइलवर येते ते दरम्यान मुलीकडे टोरंटोस स्थलांतरित झालेले असतात. सूचना पोहोचली हे निर्विवाद. ती पोहोचून उपयोग काय, हा प्रश्न या शास्त्राच्या मर्यादेबाहेरचा आहे.

आता तिथिनिर्णय. येथे दोन मुख्य दर्शने परस्परांसमोर उभी आहेत. नियततिथिवादी म्हणतात, कार्य दर महिन्याच्या ५ तारखेस उत्पन्न व्हावे, मागचे झालेले असो वा नसो. अनुसमाप्तिवादी म्हणतात, मागचे ज्या दिवशी पूर्ण झाले तेथून ३० दिवस मोजावेत. पहिल्या मतात दोष असा की प्लंबर दोन महिने गावी राहिल्यास एकाच वॉल्व्हला ग्रीस लावण्याची तीन कार्ये अ‍ॅपमध्ये तांबडी होऊन उभी राहतात आणि तो परतल्यावर ती तिन्ही एकाच मिनिटात मोक्ष पावतात. दुसऱ्या मतातील दोष सूक्ष्म आहे. प्रत्येक खेपेस केवळ ५ दिवसांचा विलंब धरला तर आवर्तन ३५ दिवसांचे होते आणि वर्षात बाराऐवजी जेमतेम दहा वेळा ग्रीस लागते. तरीही कागदोपत्री एकही कार्य ५ दिवसांहून अधिक लांबलेले नसते. माझा कल पहिल्या पक्षाकडे आहे. तांबडा रंग निदान दिसतो तरी.

तिसरे दर्शन मापनवाद्यांचे. ते काळ मानत नाहीत, केवळ वापर मानतात: जनरेटरची सर्व्हिसिंग दर २५० तासांनी. ज्या वसाहतीत वीज सहसा जात नाही आणि आठवड्यातून १० मिनिटे जनरेटर केवळ प्रकृती पाहण्यासाठी चालवला जातो, तेथे वर्षाची ५२० मिनिटे, म्हणजे पावणेनऊ तासांहून किंचित कमी भरतात. या गतीने पहिली सर्व्हिसिंग सुमारे २९ वर्षांनी येते, आणि तोवर तेलाने आपले तैलत्व सोडलेले असते. यास्तव ‘२५० तास किंवा ६ महिने, जे आधी घडेल ते’ हा विकल्पविधी रूढ झाला. तो मापनवादाचा पराभव आहे, पण मापनवादी तसे मानत नाहीत.

याहून गहन आहे ती एकतिसावी तारीख. कार्याची पुनरावृत्ती ‘दर महिन्याच्या ३१ तारखेस’ अशी लिहिल्यास काय व्हावे? दिनदर्शिकांच्या देवघेवीसाठी संगणकविश्वात जे मानक चालते, त्याच्या २००९ च्या संहितेचा निर्वाळा स्पष्ट आहे: जी तारीख अस्तित्वात नाही ती गाळावी. अर्थात असे कार्य वर्षात सातच महिने घडते, आणि फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर हे पाच महिने लिफ्ट वंगणाविना निभावते. हा लोपवाद. संकोचवादी महिन्याचा अंतिम दिवस ग्राह्य धरतात; परंतु त्यांच्या काही अ‍ॅपांत एक अधःपतन संभवते. कार्य फेब्रुवारीत २८ तारखेवर उतरते आणि मार्चमध्ये पुन्हा वर चढण्याचे विसरते. मग आजन्म २८ लाच राहते. अतिक्रमवादी पुढील महिन्याची १ तारीख घेतात. खेदाची गोष्ट ही की तिघांपैकी एकानेही पंचांगकर्त्यांस विचारले नाही. ज्या परंपरेने क्षयतिथी आणि वृद्धितिथी दोन्ही पचवल्या, २०२३ साली अधिक श्रावण येऊनही नागपंचमी दोनदा होऊ दिली नाही, तिला गच्चीवरच्या टाकीचा तिथिनिर्णय जड गेला नसता.

कार्य पूर्ण झाले याचे ज्ञान कशाने होते? प्रमाणे चार. नुसती टिक हे शब्दप्रमाण. आप्ताचे वचन म्हणून ते स्वीकारावे, मात्र वॉचमन आप्त आहे की नाही यावर समितीत एकमत हवे. नळाला येणारा ब्लीचिंग पावडरचा वास हे अनुमान. तक्रार न येणे ही अनुपलब्धी. बहुतांश संस्था तिच्यावरच चालतात. चौथे प्रत्यक्ष, म्हणजे अ‍ॅपमध्ये जोडलेले छायाचित्र. फायर पंपाच्या मासिक तपासणीची मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली असता तिन्हींत पॅनेलच्या डाव्या कोपऱ्यात एकच पाल, शेपटीचे टोक मीटरच्या काट्याखाली, अशी आढळते. प्राचीन टीकाकार म्हणतात, पाल स्थाणुधर्मी आहे. नव्य टीकाकार म्हणतात, छायाचित्र एकच आहे. जूनच्या छायाचित्रात पाल नाही. पण पंपही नाही, बोट आहे.

या चारही प्रमाणांची छाननी करण्यासाठी ‘प्रलंबित कार्यांचा आढावा’ असे मासिक कार्य निर्माण करण्याची सूचना होते. तेही प्रलंबित राहते, म्हणून त्याच्या आढाव्याचे त्रैमासिक कार्य. नैयायिक यास अनवस्था म्हणतात, सचिव पाठपुरावा म्हणतात.

शेवटचा प्रकार विवाद्य आहे. नवे कार्य नोंदवताना अ‍ॅप ‘समाप्तीची तारीख’ विचारते आणि सर्वजण ‘कधीच नाही’ हा पर्याय निवडतात. पुढे संस्था पुनर्विकासात जाते. रहिवासी भाड्याच्या घरांत विखुरतात, इमारत पाडली जाते, पत्र्याचे कुंपण उभे राहते. अ‍ॅप मात्र दर सोमवारी ‘बी विंग लिफ्ट, वंगण’ हे कार्य निष्ठेने उत्पन्न करते. न्यायशास्त्रात आकाशकमळाच्या सुगंधाविषयीच्या हेतूस आश्रयासिद्ध म्हणतात, कारण ज्याच्या ठायी सुगंध सांगायचा ते कमळच नाही. ही संज्ञा येथे नेमकी लागू पडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि एक अडचण आहे. ही कार्ये वेळेवर पूर्ण होत आहेत. टिक आहे, शेरा ‘ओके’ आहे, आणि छायाचित्रही जोडलेले आहे. त्यात पाण्याने भरलेला पायाचा खड्डा व त्याच्या काठावर ग्रीसचा डबा स्पष्ट दिसतो.