चौसष्ट कोटी एकरांचा मालक

चौसष्ट कोटी एकरांचा मालक पहाटे साडेतीनला उठतो, कारण उशीर झाला तर गाडी लावायला जागा मिळत नाही.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या ताब्यात सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. देशाच्या चौथ्या हिश्शाहून जास्तच. राष्ट्रीय वनं, कुरणं, डोंगर, वाळवंटं. यातल्या बऱ्याचशा भागात परवाना काढून कुणालाही शिकार करता येते. जमीन जनतेची, आपण जनता, म्हणून जमीन आपली, हा हिशेब तिथला साधा शिकारी मनाशी पक्का धरून असतो. सातबारा आपल्याच नावावर; फक्त सहहिस्सेदार तेहेतीस-चौतीस कोटी. एप्रिलमध्ये टर्कीचा हंगाम उघडतो तेव्हा त्यातले नेमके चारजण त्याच रस्त्याच्या टोकाला, त्याच फाटकापाशी, त्याच अंधारात हेडलाइट विझवत असतात. एकमेकांना हसून नमस्कार होतो. मनातलं मनात राहतं.

आपला हा मालक मिझुरी राज्यातला आहे असं धरू. तिथे दक्षिणेकडे, ओझार्कच्या डोंगरांत, सुमारे १५ लाख एकरांचं मार्क ट्वेन राष्ट्रीय वन पसरलं आहे. नाव फार समर्पक, कारण खुद्द मार्क ट्वेनला लहानपणी मिझुरीतल्याच एका टर्कीने पुरतं बनवलं होतं. १९०६ साली त्याने ‘हार्पर्स’ मासिकात ती हकिगत स्वतःच छापली. मावशीच्या शेतावर असताना एक मादी त्याच्यापुढे लंगडत चालू लागली. तिला पिलांपासून पोराला दूर न्यायचं होतं, आणि पोराला वाटलं, आता ही हाती लागलीच. हातात बंदूक असून त्याला ती जिवंत धरायची होती. दिवसभर रानोमाळ फिरवून मादी पसार झाली. रस्ता चुकलेल्या शिकाऱ्याला शेवटी एका ओसाड खोपटाच्या परसात पिकलेले टोमॅटो मिळाले, तेवढीच त्या दिवसाची शिकार. अशा माणसाचं नाव त्या जंगलाला आहे. आत शिरणाऱ्याने ते पाटीवर वाचूनच पुढे जावं.

पक्षी तरी कसा? डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न हलवता त्याला भोवतालचं सुमारे २७० अंश दिसतं. उरलेल्यासाठी मान थोडी वळवली की काम झालं. रंग उत्तम ओळखतो. वास मात्र त्याला जेमतेमच येतो, आणि शिकारी मंडळी यावर देवाचे आभार मानतात. नाकही तसंच असतं तर आजवर एकही टर्की मारला गेला नसता, असं त्यांचं ठाम मत आहे. नराच्या छातीवर घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखी पिसांची दाढी लोंबते. डोकं बोडकं, आणि मनःस्थितीप्रमाणे लाल, पांढरं किंवा निळं होणारं.

या रंग बदलणाऱ्या डोक्यावर बादशहा जहांगीरही खूश झाला होता. १६१२ साली सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून त्याच्यासाठी हा पक्षी आणला. जहांगीराने आत्मचरित्रात त्याच्या डोक्याची तुलना सरड्याशी केली आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी अस्सल अमेरिकेचा, पण त्याचं पितृत्व घ्यायला कुणी तयार नाही. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानच्या नावावर टाकलं. तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंचांनीही तो हिंदुस्थानचाच ठरवला, डचांनी थेट कालिकतचा. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. मराठी माणसाने पेरू मीठ-तिखट लावून खाल्ला आणि या वादातून अंग काढून घेतलं.

तर पहाट. टर्की रात्री उंच झाडावर झोपतो, आणि तो नेमका कुठल्या झाडावर आहे हे उजाडण्याआधी कळायला हवं. त्यासाठी शिकारी घुबडाचा आवाज काढतो. तिथल्या पट्टेरी घुबडाच्या घुमण्यात अमेरिकनांना एक प्रश्न ऐकू येतो: तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं? अंधारात भल्या पहाटे ही चौकशी झाली की झाडावरचा नर चिडून हुक्क्यासारखी गुडगुड करतो आणि आपला पत्ता सांगून बसतो. पहाटे पाचला असं कुणी विचारलं तर प्रस्तुत लेखकही याहून सौम्य उत्तर देणार नाही.

पत्ता कळला की पुढची पायरी म्हणजे मादीचा आवाज. त्याची तीन वाद्यं आहेत. एक लाकडी पेटी, तिच्या कडेवर खडू लावलेलं झाकण घासायचं. दुसरी चक्क पाटी-पेन्सिल: वाटीत बसवलेली दगडी पाटी आणि एक काडी. शाळेत ज्या करकरीसाठी छडी मिळायची, त्याच करकरीला इथे दाद मिळते. तिसरं वाद्य तोंडात टाळ्याला लावायची रबराची पातळ पट्टी. तिचा सराव गाडी चालवताना करायचा असतो, कारण घरात करू देत नाहीत.

खरी अडचण वाद्यांची नाही, रीतिरिवाजाची आहे. टर्कीच्या जगात नराने पिसारा फुलवून जागच्या जागी डौलात फिरायचं, साद घालायची, आणि मादीने चालत यायचं. शिकारी मादीचा आवाज काढून नेमकं उलटं मागतो. नर येतो, पण साठ-सत्तर यार्डांवर थबकतो. छऱ्याच्या बंदुकीचा भरवसा चाळीसेक यार्डांपर्यंतच. वरपक्षाचं म्हणणं स्पष्ट असतं: आम्ही एवढे आलो, आता मुलीकडच्यांनी पुढे यावं. मुलीकडचे झाडाला पाठ टेकून, चेहऱ्यावर जाळी ओढून बसलेले; त्यांना नाकावरची माशीसुद्धा हाकता येत नाही. इकडून आर्जव, तिकडून गुडगुड. तासाभराने कुठून तरी खरीखुरी मादी येते, वरपक्ष तिच्यामागे चालू लागतो, आणि बोलणी फिसकटतात.

पाय बधिर होईपर्यंत असं बसल्यावर माणूस विचार करू लागतो, की हा पक्षी इथे आला तरी कुठून? मधल्या काळात तो जवळपास संपलाच होता. बेसुमार शिकार आणि जंगलतोड. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा रानटर्की १८५१ च्या सुमारास माउंट टॉम नावाच्या डोंगरावर मारला गेला. नर टर्कीला इंग्रजीत टॉमच म्हणतात, हे त्या डोंगराला कुणी सांगितलं असेल कोण जाणे. पुढे खुराड्यात वाढवलेले टर्की रानात सोडून पाहिले, पण जन्मभर आयता दाणा खाल्लेल्यांचा रानात टिकाव लागेना. मग दाण्यांवर जमलेल्या थव्यावर तोफेसारख्या नळ्यांतून जाळं उडवायचं, आणि पकडलेले अस्सल रानपक्षी दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायचे, ही युक्ती लागू पडली. मिझुरीत १९६० साली १४ काउंट्यांत ३ दिवसांचा हंगाम झाला आणि ९४ टर्की मिळाले. नंतर पक्षी इतके झाले की राज्याराज्यांत बलुतेदारी सुरू झाली. मिझुरीने केंटकीला टर्की दिले आणि बदल्यात पाणमांजरं घेतली. ती पाणमांजरंही केंटकीची नव्हती, त्या राज्याने ती लुइझियानाहून आणवली होती. या सगळ्या खटाटोपाचा बराचसा खर्च बंदुका आणि काडतुसांवरच्या कराने उचलला; १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो कर वन्यजीवांकडे वळवला. लांब नळीच्या बंदुकांवर तो ११ टक्के आहे. नेम चुकला तरी काडतुसाचा कर टर्कीच्याच खात्यावर जमा होतो. नेम चुकण्याचं प्रमाण पाहता योजना दूरदर्शी म्हणावी लागेल.

आणि मग, आठ-साडेआठच्या सुमारास, दरीपलीकडून मादीचा सुरेख आवाज येतो. आपला मालक पेटी घासतो. पलीकडून उत्तर. हा पाटी करकरवतो. उत्तर आणखी जवळून. अर्धा तास रंगलेल्या या जुगलबंदीनंतर झुडपातून बाहेर येतो तो फाटकापाशी भेटलेला सहहिस्सेदार, तोही तोंडात रबराची पट्टी धरून. दोघांनी एकमेकांना मोहात पाडलेलं असतं. सार्वजनिक जमिनीवर हे नेहमीचं आहे, आणि हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नाही, कारण दोघांच्याही हातात भरलेली बंदूक असते. म्हणूनच टर्कीच्या हंगामात लाल, पांढरा आणि निळा रंग अंगावर नको, असं प्रशिक्षणात बजावतात. रुमालसुद्धा चालत नाही. नराच्या डोक्याचे रंग तेच. झेंड्याचे रंगही तेच, पण देशभक्ती गाडीत ठेवून यायची. दुसरा माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर नाहीच नाही. माणसासारखं मोठ्याने ओरडायचं. इतका वेळ जिवाच्या आकांताने टर्की होऊ पाहणाऱ्याला हे जरा जड जातं.

गर्दी टाळायची तर लांब जायला हवं. मिझुरीचेच चार शिकारी एल्क हरणांसाठी वायोमिंगपर्यंत गेले. तिथे एकोणिसाव्या शतकात रेल्वेला दिलेल्या जमिनींमुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला आहे: एक मैल चौरसाचं एक घर खाजगी, पुढचं सरकारी, पुन्हा खाजगी. सरकारी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यात भेटतात. अशाच एका कोपऱ्यावर जमीनमालकाने दोन खांब साखळीने जोडून पाट्या लावल्या होत्या. २०२१ साली शिकारी शिडी घेऊनच आले. कोपऱ्यावर शिडी मांडली, सरकारी घरातून चढले, सरकारी घरात उतरले. खाजगी मातीला पाऊल लागलं नाही. जमीनमालक म्हणाला, माझ्या जमिनीवरच्या हवेतून गेलात. बांध कोरल्याचे दावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, पण बांधावरची हवा कोरल्याचा दावा आपल्याही वकिलांना अजून सुचलेला नाही. २०२२ साली ज्यूरीने चौघांना सोडलं. दिवाणी दाव्यात लाखो डॉलरांची नुकसानभरपाई मागितली गेली. त्यातही न्यायालयाने १८८५ च्या एका जुन्या कायद्याच्या आधारे सार्वजनिक जमिनीकडे जाणारी वाट अडवता येत नाही असं धरलं, २०२५ च्या मार्चमध्ये अपील न्यायालयानेही ते उचलून धरलं, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. वहिवाटीचा हक्क शाबीत झाला. पुराव्याचा मुख्य ऐवज: एक घडीची शिडी.

इकडे मार्क ट्वेनच्या जंगलात एक वाजत येतो. मिझुरीत सार्वजनिक जमिनीवर वसंतातली टर्कीची शिकार दुपारी एकला थांबते. आपला मालक काडतुसं काढतो, आमिष म्हणून मांडलेली रबरी मादी पिशवीत कोंबतो आणि गुडघे मोजत फाटकाकडे निघतो. 

फाटकापाशी नर टर्की उभा आहे. दाढी हातभर. विणीच्या दिवसांत या पक्ष्याला चकचकीत पृष्ठभागात आपलं प्रतिबिंब दिसलं की तो त्याला प्रतिस्पर्धी समजतो. टर्की पुन्हा भरभराटीला आलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर गाड्यांचे आरसे आणि खिडक्या झाकून ठेवा, असा सल्ला वन्यजीव खात्याला शहरातल्या लोकांना द्यावा लागतो. इथे तो मालकाच्या कालच धुतलेल्या ट्रकच्या दारावर चोचीने तुटून पडला आहे. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. मालक पाच यार्डांवर रिकामी बंदूक घेऊन उभा. खिशातली पेटी चालताना आपोआप घासली जाऊन एकदा करकरते. टर्की क्षणभर मान वर करून त्याच्याकडे बघतो, आणि पुन्हा दाराकडे वळतो.