हिरव्या दिव्याचा उजेड

वर्डप्रेसवरचं योस्ट प्लगइन वेबसाइटचा मजकूर गूगलसारख्या सर्च इंजिनांच्या दृष्टीनं तपासून त्याला तांबडा, नारिंगी किंवा हिरवा दिवा दाखवतं. पूर्वी हिरव्यासाठी माणूस एकच शब्द जागोजागी कोंबायचा. आता ते कष्ट एआय घेतं. यंत्रानं लिहायचं, यंत्रानं तपासायचं, गूगलच्या यंत्रानं वाचायचं. सगळा घरचाच मामला! परिणामी मालवणचा होमस्टे आणि चिंचवडचा बेअरिंगवाला, दोघंही 'अविस्मरणीय अनुभव' देऊ लागलेत. (बेअरिंगचा अनुभव अविस्मरणीय ठरला, तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.) मार्च २०२४ मध्ये गूगलनं निव्वळ शोधातल्या क्रमवारीसाठी घाऊक मजकूर पाडणं स्पॅममध्ये धरलं. त्यावरही तोडगा तयार आहे : 'जरा माणसानं लिहिल्यासारखं कर.' ही विनंतीसुद्धा एआयलाच. होमस्टेवर जेवणात सोलकढी असते का, ते मात्र फोन करूनच विचारावं लागतं.